पलीकडची पॅरिश अमेरिका

आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात केरी नावाचा परगणा आहे. पंजा पसरून बोटे पाण्यात बुडवावीत, त्याप्रमाणे या बाजूचे डोंगरी भूभाग अटलांटिक महासागरात घुसलेले आहेत. त्यांतील सर्वांत उत्तरेकडच्या बोटाला डिंगलचे द्वीपकल्प म्हणतात. या बोटाच्या अगदी नखाशी डून खीन नावाची एक लहानशी पॅरिश वसलेली आहे. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या छायेखाली नांदणाऱ्या वाड्यावस्त्यांची मिळून झालेली गावकी. इंग्रजी नकाशांत हिचे नाव डनक्विन असे लिहीत. येथील लोकांत एक जुनी म्हण आहे : ‘पलीकडची पॅरिश अमेरिका’. ती थट्टेने म्हटली जाते खरी, पण तिच्यात थट्टा थोडी आणि सत्य फार आहे. आयर्लंडच्या मुख्य भूमीचे पश्चिम टोक येथे संपते आणि पुढे काही बेटे सोडली, तर थेट अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत पाण्यावाचून काही नाही, हा तिचा एक अर्थ. दुसरा अर्थ असा की, या गावकीच्या घराघरांतील तरुण माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्या पलीकडच्या पॅरिशीतच नांदावयास गेली.

जेथे मोठी बाजारपेठ नाही, कारखाना नाही, सुपीक जमीनही बेताचीच, अशा या ठिकाणाची माहिती करून घेण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की, १९२९ ते १९३६ या आठ वर्षांच्या अवधीत डून खीन आणि तिच्या समोरचे बेट यांतून तीन आत्मचरित्रे बाहेर पडली, ती तिन्ही कोळी-शेतकरी कुळांतल्या माणसांची होती, आणि मरणपंथास लागलेली म्हणून जिची गणना होत होती त्या आयरिश भाषेत ती सांगितलेली वा लिहिलेली होती. आज आधुनिक आयरिश वाङ्मयाचा इतिहास त्यांचा उल्लेख टाळून लिहिता येत नाही.

डून खीनच्या मागे ईगल पर्वत उभा आहे. ‘गरुडाचा डोंगर’ हा त्याच्या आयरिश नावाचा अर्थ. डिंगलच्या बाजारगावाहून येणारा एक रस्ता डोंगरातील खिंड ओलांडून एकदम समुद्रासमोर उतरतो. दुसरा कड्याच्या काठाकाठाने वळसा घेत येतो. खिंडीतून उतरताना पुढे दिसतात ती ब्लास्केट बेटे. त्यांत थोरले ब्लास्केट पाठ वर काढून पोहणाऱ्या जनावरासारखे लांबट पसरलेले आहे. उत्तरेकडच्या एका बेटाचा आकार उताणे निजलेल्या माणसासारखा हुबेहूब दिसतो. कपाळ, नाक, छातीवर घेतलेले हात, सारे काही. गावकऱ्यांनी त्याला ‘मेलेला माणूस’ असेच नाव दिले आहे. रोज सकाळी दार उघडताच प्रेतदर्शन घडावे ही गोष्ट आपल्याकडे अशुभ मानली असती. येथे तिचे कोणास काही वाटत नाही.

वस्ती पुरातन आहे. डून मोर म्हणजे ‘मोठा दुर्ग’ या नावाच्या भूशिरावर एक उभा पाषाण आहे. त्याच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघांची ऑगम लिपी कोरलेली आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून पुढे दोन-तीनशे वर्षे आयर्लंडात ही लिपी चालत असे. त्या लेखात डोविनिया हे नाव आढळते. या साऱ्या प्रदेशाला आयरिश भाषेत ‘कोर्का ग्वीना’ म्हणजे डोविनियाचे वंशज असे म्हणतात. ती त्या टोळीची देवतारूप मूळमाता. पुढे ख्रिस्ती धर्म आला, पण मूळमातेची जागा रिकामी राहिली नाही. पॅरिशीची संरक्षक म्हणून संत गोबनेट ही स्त्रीच मानली जाते. ती मधमाश्यांची कैवारी. ११ फेब्रुवारीस तिचा सण असतो. त्या दिवशी भाविक तिच्या विहिरीला प्रार्थना पुटपुटत प्रदक्षिणा घालतात, आणि त्याही सूर्याच्या गतीला अनुसरून, उजवीकडूनच.

मोठ्या इतिहासाची लाट या किनाऱ्यावर आदळली ती १५८८ च्या सप्टेंबरात. इंग्लंडवर चालून गेलेल्या स्पॅनिश आरमाराची उरलीसुरली जहाजे स्कॉटलंडला वळसा घालून घरची वाट शोधीत होती. खलाशी तहानेने व्याकुळ झालेले, शिडे फाटलेली. त्यांतील काही जहाजे डून खीन आणि बेटे यांच्यामधल्या सामुद्रधुनीत आश्रयाला शिरली. ॲडमिरल रेकाल्दे याच्या जहाजाने खडकांमधल्या अरुंद वाटेने आत येऊन नांगर टाकला, ही दर्यावर्दी कसबाची कमालच म्हणावयाची. ‘सांता मारिया दे ला रोसा’ या जहाजाचे दैव मात्र फिरले. ओहोटीच्या ओढीत सापडून ते पाण्याखालच्या खडकावर आपटले आणि पाहता पाहता बुडाले. शेकडो माणसांतून एकच तरुण फळीच्या आधाराने किनाऱ्यास लागला, आणि तोही इंग्रजांच्या हाती सापडला. कड्यावरून हे सारे पाहणाऱ्यांनी ती कथा नातवंडांना सांगितली. जहाजावर स्पेनच्या राजाचा एक पुत्र होता आणि त्याला डून खीनच्या जुन्या स्मशानभूमीत पुरले, असे परंपरा सांगते. इतिहासकार तिला दुजोरा देत नाहीत. परंतु जहाजाची गोष्ट खरी ठरली : १९६८ मध्ये पाणबुड्यांना त्याचे अवशेष सामुद्रधुनीच्या तळाशी सापडले.

त्यानंतरच्या शतकात या भागातील फेरिटर घराण्याचा पिअर्स फेरिटर हा सरदार कवी म्हणूनही गाजला. इंग्रजी सत्तेविरुद्ध लढताना तो पकडला गेला आणि १६५३ मध्ये किलार्नी येथे त्याला फाशी देण्यात आले. बेटावर आजही एक गुहा त्याच्या नावाने दाखवितात. सरदार गेले आणि त्यांच्या जागी दूरस्थ जमीनदार आले. त्यांचे बेलीफ खंडाच्या वसुलीसाठी गुरे जप्त करावयास आले म्हणजे बेटावरच्या बायका कड्यावरून त्यांच्यावर दगडांचा वर्षाव करीत, अशा कथा आहेत. आणि त्या सांगताना म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे, तो पाहता दगड नेमावर बसत असावेत.

डून खीनची आणि थोरल्या ब्लास्केटची गोष्ट वेगवेगळी सांगता येत नाही. बेटावर चर्च नव्हते, धर्मगुरू नव्हता, वैद्य नव्हता. रविवारच्या मिस्सेसाठी, लग्नासाठी, बाप्तिस्म्यासाठी समुद्र ओलांडून डून खीनलाच यावे लागे. आणि मेल्यावरही त्याच मार्गाने, कारण बेटावरच्या मृतांना पूर्वजांशेजारी विसावा मिळावयाचा तो डून खीनच्या भूमीत. बाप्तिस्म्यावाचून गेलेली अर्भके आणि वाहून आलेली अनोळखी प्रेते तेवढी बेटावर पुरीत.

हा समुद्र ओलांडावयाचा तो ‘नेव्होग’ नावाच्या नावेतून. लाकडी पट्ट्यांचा हलका सांगाडा करावयाचा, त्यावर पूर्वी कातडे आणि पुढे जाड कापड ताणून डांबर फासावयाचे, की झाली नाव. तिला खोल कणा नसतो. ती लाटेला कापीत नाही, लाटेवर बसते. वल्हीही रुंद पात्याची नव्हेत, काठीसारखी अरुंद. तिघे-चौघे गडी ती पालथी करून डोक्यावर घेऊन धक्क्यापर्यंत नेतात, तेव्हा सहा-आठ पायांचा एक अवाढव्य काळा भुंगा चालला आहे असा भास होतो. एवढ्याशा नावेत पाय बांधलेल्या मेंढ्या जात, पिठाची पोती जात, गाय जाई, शवपेटी जाई. डून खीनचा धक्का कड्याच्या पायथ्याशी आहे आणि तेथवर उतरणारी वाट इतकी उभी की, ती नागमोडी वळणे घेतच खाली पोहोचते. वारा पश्चिमेकडचा असला आणि लाटा चढल्या, म्हणजे आठ-आठ दिवस नाव सुटत नसे. बाजाराला आलेला बेटकरी मग डून खीनच्या कोणा नातलगाच्या चुलीपाशी बसून राही. या खोळंब्याने पुढे केवढे काम केले, ते थोड्याच वेळात ध्यानात येईल.

पोटाचे साधन म्हणजे बटाटा, ओट, थोड्या मेंढ्या आणि समुद्र. खतासाठी किनाऱ्यावरचे शेवाळ पाठीवर वाहून शेतात घालावयाचे. दलदलीतील पीट कापून, वाळवून त्याचे जळण करावयाचे. शेवंडे पकडून ती खरेदीसाठी येणाऱ्या परदेशी नावांना विकीत. मॅकरेल, म्हणजे आपल्याकडील बांगड्याचा भाऊबंद, खारवून अमेरिकेला पाठवीत. १८४५ नंतर बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंडात जो महादुष्काळ झाला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. बेटावरची वस्ती दीडशेवरून शंभराच्या आसपास आली. पुढे ती वाढली. १९१६ मध्ये १७६ माणसे तेथे होती. पण तोवर तरुणांना बाहेरची वाट ठाऊक झाली होती. मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड या शहरात इतके लोक जाऊन राहिले की, त्या शहराचे नाव डून खीनच्या पोरांना डब्लिनपेक्षा जवळचे वाटे. मुलगा वा मुलगी निघाली म्हणजे आदल्या रात्री घरात जागरण होई. गाणे, नाच, आणि मधूनच मृतासाठी करतात तसा आईचा विलाप. ती मेल्यासारखीच जात. फार थोडी परत आली.

परत आलेल्यांपैकी एकाची हकीगत सांगण्यासारखी आहे. मॉरिस कॅव्हेना नावाचा डून खीनचा मुलगा बोअर युद्धाच्या दिवसांत शाळेत होता. खेळातल्या लढाईत त्याने इंग्रजांच्या विरुद्ध, अध्यक्ष क्रूगरची बाजू घेतली, आणि जन्मभर त्याला ‘क्रूगर’ हेच नाव चिकटले. अमेरिकेत कित्येक वर्षे काढून तो गावी आला आणि त्याने पाहुण्यांसाठी घर उघडले. त्याच्या दिवाणखान्यात बसून गेलेल्या लेखक-कलावंतांची यादी मोठी आहे. आणि यजमानाने सांगितलेल्या स्वतःच्या पराक्रमांची यादी त्याहून मोठी होती, असे म्हणतात.

आता भाषेकडे वळावयाचे. १८३१ नंतर सरकारने गावोगावी शाळा काढल्या, पण त्यांचे माध्यम इंग्रजी. घरी, शेतात, नावेत, चर्चच्या दारात मुले आयरिश बोलत आणि शाळेत इंग्रजीचे धडे घोकीत. परिणाम असा झाला की, ज्यांच्या जिभेवर हजार वर्षांची कथा-कवने होती, ते स्वतःच्या भाषेत पत्र लिहू शकत नव्हते. ही केवळ अनास्था नव्हती. अमेरिकेत आयरिशला कोण विचारणार? इंग्रजी हे प्रवासाचे भाडे होते, आणि आईबापांनाही ते मुलांच्या गाठीशी हवे होते. अशा व्यवहारी हिशेबाने भाषा मरतात, शत्रूच्या तलवारीने क्वचित.

उलट दिशेचा वारा बाहेरून आला. १९०७ मध्ये कार्ल मार्स्ट्रांडर नावाचा नॉर्वेचा तरुण भाषापंडित शुद्ध आयरिश शोधीत या भागात आला आणि समाधान न होऊन बेटावर जाऊन राहिला. त्याच्याजवळ शिकण्यासाठी जो गुरू त्याने निवडला तो तोमास ओ क्रोहन नावाचा पन्नाशी ओलांडलेला कोळी. मार्स्ट्रांडरच्या मागोमाग १९१० मध्ये त्याचा विद्यार्थी, लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील रॉबिन फ्लॉवर आला आणि पुढे वर्षानुवर्षे येत राहिला. ‘फ्लॉवर’चे भाषांतर करून लोकांनी त्याला ‘लहानगे फूल’ असे लाडके नाव दिले. १९४६ मध्ये तो वारला, तेव्हा त्याची रक्षा बेटावर उधळण्यात आली. विद्यापीठातील पंडिताने कोळ्याच्या ओट्यावर बसून अक्षरशः शिष्यत्व पत्करावे, या घटनेचा गावावर जो परिणाम झाला तो कोणत्याही सरकारी हुकुमाने झाला नसता. ज्या बोलीची लाज वाटावी असे शाळेने शिकविले, तिच्यासाठी परदेशचे लोक समुद्र ओलांडून येतात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

तोमासला आयरिश वाचता-लिहिता कसे येऊ लागले, ही गोष्ट डून खीनच्या खात्यावर जमा केली पाहिजे. हवा बिघडली की तो धक्क्यावरून परतून ओळखीच्या घरी मुक्काम करी. त्या घरची मुले डून खीनच्या शाळेत आयरिश वाचावयास शिकत होती, आणि त्यांच्याबरोबर पुस्तकात डोके घालून या प्रौढ माणसाने आपल्याच भाषेची अक्षरे गिरविली. पुढे १९१७ च्या सुमारास ब्रायन केली नावाचा किलार्नीचा गृहस्थ बेटावर आला. त्याने तोमासला प्येअर लोती आणि मॅक्सिम गॉर्की यांचे लेखन वाचून दाखविले. कोळी आणि मजूर हे ग्रंथाचे नायक होऊ शकतात, एवढे त्याला पटवून देणे पुरेसे झाले. १९२९ मध्ये ‘बेटावरचा माणूस’ या अर्थाच्या नावाचे त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याची शैली खडकासारखी आहे. दहा अपत्यांपैकी बहुतेकांचे मृत्यू तो थोडक्या ओळींत सांगतो आणि पुढच्या वाक्यात कामाला लागतो; वाचणाऱ्याला मात्र पान उलटणे कठीण जाते.

दुसरे पुस्तक तरुण मॉरिस ओ’सुलिव्हन याचे, १९३३ मधले. ग्रीक भाषेचा अभ्यासक जॉर्ज थॉमसन हा त्याचा जिवलग मित्र. बेटकऱ्यांचे साधे संभाषण ऐकताना होमरच्या काव्याची भाषा आपल्याला नव्याने उलगडली, असे थॉमसन मानी. त्यानेच मॉरिसला अमेरिकेचा नाद सोडावयास लावले आणि लेखनास प्रवृत्त केले. इंग्रजी भाषांतराला प्रस्तावना लिहिली ई. एम. फॉर्स्टरने, म्हणजे १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या पवार महाराजांचा चिटणीस असलेल्या आणि त्या दरबाराच्या आठवणी पुढे पुस्तकरूपाने लिहिणाऱ्या त्याच लेखकाने. मॉरिसचे पुस्तक बालपणाच्या खोडकर आनंदाने भरलेले आहे. १९५० मध्ये गॉलवेच्या किनाऱ्यावर पोहताना तो बुडाला.

तिसरे पुस्तक पेग सेयर्सचे. ती डून खीनची माहेरवाशीण. १८७३ मध्ये येथल्या एका वाडीत जन्मलेली. लहानपणीच डिंगलला मोलकरीण म्हणून राहिली. अमेरिकेला जाण्याचे तिच्या मनात होते, पण भाड्याचे पैसे आले नाहीत, आणि लग्न होऊन ती बेटावर गेली. पोटची काही मुले लहानपणीच गेली, एक तरणाताठा मुलगा कड्यावरून पडून गेला, उरलेली अमेरिकेला गेली. तिला आयरिश लिहिता येत नव्हते. तिने सांगितले आणि मुलाने लिहून घेतले. ते १९३६ मध्ये छापले. पण तिची खरी थोरवी त्या पुस्तकात नाही. डून खीनच्या शाळामास्तरांचा मुलगा जो ओ’डेली हा लोककथा-मंडळाचा संग्राहक होता. तिच्या तोंडून त्याने शेकडो कथा टिपून घेतल्या. जिने हे पाठ केले ती बाई चुलीपाशी बसून, चिलीम ओढीत, राजकन्येची आणि राक्षसाची गोष्ट घटकान्‌घटका सांगे आणि ऐकणारा हालत नसे. दुर्दैवाने सरकारने तिचे आत्मचरित्र शाळांत सक्तीचे पाठ्यपुस्तक केले, आणि आयर्लंडातील कित्येक पिढ्यांना तिच्या दुःखांवर प्रश्नोत्तरे लिहावी लागली. त्यांनी तिचा मनापासून कंटाळा केला. गोष्ट सांगणाऱ्या बाईवर याहून मोठा अन्याय शोधून सापडणार नाही.

पुस्तके गाजत होती आणि बेट रिकामे होत होते. मॅकरेलची अमेरिकन बाजारपेठ ढासळली, लग्ने होईनाशी झाली, १९४१ मध्ये बेटावरची शाळा मुलांअभावी बंद पडली. १९४७ च्या जानेवारीत एक तरुण मेंदूच्या ज्वराने आजारी पडला. समुद्र खवळलेला, टेलिफोन बंद. वैद्य नाही, धर्मगुरू नाही. तो तसाच गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वादळाने कोंडलेल्या लोकांनी पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार करून अन्न संपल्याचे कळविले. शेवटी १९५३ च्या नोव्हेंबरात सरकारने उरलेली २२ माणसे हलविण्यास घेतली. ती फार दूर गेली नाहीत. सामुद्रधुनीच्या अलीकडे, डून खीनमध्येच, त्यांना घरे आणि जमिनी मिळाल्या. खिडकीतून समोर आपलेच घर दिसे; पुढे त्याचे छप्पर खचलेलेही दिसले. पेग १९४२ मध्येच माहेरी परतली होती. १९५८ मध्ये ती वारली आणि डून खीनच्या स्मशानभूमीत विसावली.

डून खीनवरही तीच पाळी येते की काय, असा प्रसंग १९७० मध्ये उभा राहिला. मुले थोडी म्हणून सरकारने येथील शाळा बंद केली. योगायोग मोठा विचित्र. त्याच सुमारास डेव्हिड लीन याच्या ‘रायन्स डॉटर’ या चित्रपटासाठी पॅरिशीतल्या टेकडीवर एक संपूर्ण खोटे गाव बांधले गेले होते, आणि समुद्राकाठी एक शाळाही. चित्रपटाने गावकऱ्यांना कधी नव्हे तो रोजगार दिला हे खरे. पण खोट्या शाळेला भिंती आहेत आणि खऱ्या शाळेला कुलूप, हे दृश्य पाहून कोणाचेही मन विटावे. पालकांनी हार मानली नाही. आयरिश बोलणारी मुले दुसरीकडे नेली, तर गावातली भाषाच उचलून नेल्यासारखे होईल, हे ते जाणून होते. भाषाप्रेमी तरुण देशभरातून मदतीस आले, निदर्शने झाली, मान्यतेवाचून शाळा चालविली गेली. १९७३ मध्ये सरकार बदलले आणि नव्या सरकारने ती पुन्हा उघडली. शंभर वर्षांपूर्वी ज्या संस्थेने भाषेला घराबाहेर काढले, तीच वाचविण्यासाठी भाषेच्या कैवाऱ्यांना रस्त्यावर यावे लागले!

१९९३ मध्ये डून खीनला बेटांच्या इतिहासाचे आणि वाङ्मयाचे एक भव्य दालन उघडण्यात आले. या टापूला कायद्याने आयरिशभाषी प्रदेशाचा दर्जा आहे आणि २००५ पासून अशा प्रदेशांत गावांच्या इंग्रजी नावांना अधिकृत स्थान उरले नाही. डनक्विन गेले, डून खीन राहिले. प्रवाशांच्या मोटारी कड्याच्या रस्त्याने उन्हाळाभर येत असतात. त्यांच्यामुळे घरोघर चार पैसे येतात आणि त्यांच्यामुळेच दुकानात, खानावळीत इंग्रजी बोलणे भाग पडते; सुटीपुरती उघडणारी घरे वाढतात आणि बारमाही धूर निघणारी धुराडी कमी होतात. भाषा शिकावयास येणारे विद्यार्थीही येतात. मार्स्ट्रांडरसारखे ते कोणाच्या तरी ओट्यावर बसतात, आणि म्हातारी माणसे त्यांचे उच्चार सुधारतात.

थोरल्या ब्लास्केटला नेणाऱ्या यांत्रिक बोटी त्याच जुन्या धक्क्यावरून सुटतात आणि उतारू त्याच नागमोडी वाटेने खाली उतरतात. पश्चिमेचा वारा सुटला की मात्र नावाडी मान हलवितो. मग दूरदूरच्या देशांतून आलेली माणसे कड्यावर उभी राहून समोरच्या पडक्या भिंतींकडे पाहत राहतात, आणि पावसाचा जोर वाढला म्हणजे आडोशासाठी गावात परत येतात.